कल्पना जगतापचा कोरा पेपर

"बस, झालं?" मी विचारलं. मुलीने मान हलवली. मी पेपर हातात घेतला, उलटून पाहिला. दोन्ही बाजू कोऱ्या. नावसुद्धा नाही. पुढच्या बाकावरचा मुलगा शू लागली म्हणून रडायच्या बेतात होता आणि दाराशी दोन आया उभ्या राहून आपापल्या मुलांना खुणा करत होत्या. मी रजिस्टर उघडलं. 'कल्पना जगताप, तिसरीसाठी' या नावापुढे मॅथ्सच्या रकान्यात शून्य लिहिलं, इंग्लिशच्या रकान्यात शून्य लिहिलं. शेऱ्यात लिहिलं, 'ब्लँक'. आणि पेपर कोराच होता म्हणून न वापरलेल्या पेपरांच्या गठ्ठ्यावर परत ठेवून दिला.

या सगळ्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल. निस्तरायला पुढचा आठवडा गेला.

ही उज्जैनची गोष्ट, नव्वदीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. गल्लोगल्ली केबलच्या तारा आणि एसटीडीचे पिवळे बोर्ड आले, त्यांच्या पाठोपाठ इंग्लिश मीडियम शाळांचे बोर्ड आले. आमची शाळा नानाखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका भाड्याच्या बंगल्यात होती. ड्रॉइंगरूममध्ये ऑफिस, गॅरेजमध्ये के.जी., आणि गच्चीवर पत्रे टाकून चौथी-पाचवी. मी माधव नगरहून लूनावर जायचे. त्याआधी अकरा वर्षं मी एका मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. तिथे मुलं कमी कमी होत गेली, कारण मराठी घरांतली मुलंसुद्धा इंग्लिश मीडियमला जायला लागली. मग त्यांच्या मागून मीही गेले. माझं इंग्रजी पुस्तकी होतं, पण लहान मुलांपुरतं पुष्कळ होतं. नोकरी प्रोबेशनवर होती. म्हणजे वर्षभर माझं काम बघणार आणि जुलैत पक्कं करायचं की नाही ते ठरवणार.

जे काम कुणालाच नको असतं ते प्रोबेशनवाल्याला मिळतं. मला एंट्रन्स मिळाली.

बाहेरून आलेल्या मुलाला कोणत्या वर्गात बसवायचं हे ठरवणारी छोटी परीक्षा म्हणजे ही एंट्रन्स. हिंदी मीडियमचं मूल दुसरी पास होऊन आलं, तर आमच्या तिसरीत त्याचं जमेल का? हे बघायला एकच कागद होता. पुढच्या बाजूला पंचवीस मार्कांचं मॅथ्स: बेरजा, वजाबाक्या, हातच्याची गणितं, पाढे, घड्याळ. मागच्या बाजूला पंचवीस मार्कांचं इंग्लिश: गाळलेली अक्षरं, चित्राखाली नाव लिहायचं आणि तीन-चार सोपी वाक्यं पुरी करायची. दोन्हींत निदान दहा-दहा मार्क हवेत. हिंदी मीडियमची मुलं मॅथ्समध्ये झकास निघायची आणि इंग्लिशमध्ये आपटायची. मग आम्ही त्यांना एक-दोन वर्ग खाली ढकलायचो. दहा वर्षांचा मुलगा दुसरीच्या बाकावर गुडघे दुमडून बसलेला मी रोज बघत होते. पालक कबूल व्हायचे, कारण इंग्लिश मीडियम होतं. मला हे पटायचं नाही. पण मला कोणी विचारलं नव्हतं.

पेपर सायक्लोस्टाइल केलेले असायचे. मेणाच्या कागदावर टाइप करायचं, तो यंत्राच्या शाईच्या रुळावर चढवायचा आणि हँडल फिरवून प्रती काढायच्या. मेणाच्या त्या कागदाला स्टेन्सिल म्हणतात. त्या जूनमध्ये आमचं स्टेन्सिल मधोमध फाटलं आणि चाळीसच प्रती निघाल्या. त्यामुळे कोरा परत आलेला पेपर मला टाकवेना. या काटकसरीचा मला त्या वेळी थोडा अभिमानही वाटला होता.

कल्पना नऊ वर्षांची होती. सरकारी शाळेतून तिसरी पास झालेली. तिचे वडील मिलमध्ये विणकाम खात्यात होते. मिल बंद पडल्यावर टेम्पो चालवायला लागले. जगताप म्हणजे आपलेच मराठी, पण तीन पिढ्या उज्जैनमध्ये काढलेले. त्यांनी धाकट्या मुलीचं नाव आमच्याकडे पहिलीत घातलं होतं आणि मोठीने तिसरी पुन्हा करावी याला ते तयार होते. तिसरीत एकच जागा उरली होती. इंग्लिशमध्ये शून्य आलेल्या मुलाला पहिलीतच बसवायचं असा आमचा नियम होता. म्हणजे तिसरी हुकली की कल्पना धाकट्या बहिणीच्या शेजारी बसणार, नाहीतर येणारच नाही.

ती शेवटची जागा त्याच दुपारी भरली. बारा वाजता दुसरी बॅच बसली. तीत अंकित नावाचा मुलगा होता. टीव्ही-फ्रिजच्या एका नव्या शोरूमवाल्या सेठजींचा. घरी त्याला बंटी म्हणायचे आणि तो बंटी म्हटल्याशिवाय बघायचाही नाही. त्याच्या पेपरात मॅथ्सला एकवीस आणि इंग्लिशला बारा मार्क पडले. मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'फिट फॉर थर्ड'. दुसऱ्या दिवशी लिस्ट बोर्डावर लागली.

लिस्ट लागली त्याच सकाळी जगताप आले. अंगावर ड्रायव्हरचा खाकी शर्ट. कल्पना त्यांच्या मागे उभी, केसांना तेल लावून दोन घट्ट वेण्या घातलेली. प्रिन्सिपल दाते सर खुर्चीत होते, मी रजिस्टर घेऊन शेजारी. दाते सर सरकारी हायस्कुलातून रिटायर होऊन आलेले. माणूस चांगला, पण लागलेली लिस्ट आणि छापलेलं टाइमटेबल बदलायचं म्हटलं की त्यांना घाम फुटायचा.

"मॅडम, पोरगी म्हणते तिने पूर्ण पेपर केला," जगताप म्हणाले.

"पेपर कोरा होता."

"कोरा कसा? एक घंटा बसून होती ना ती?"

"बसली होती. लिहिलं काही नाही."

"मग एक बार पेपर दाखवून द्या. माझं समाधान होऊन जाईल."

इथे मी जरा अडखळले. दाखवायला पेपर नव्हताच. "कोरा कागद काय दाखवणार?" मी म्हटलं. "तो दुसऱ्या मुलांना वापरला. आमच्याकडे प्रती कमी आहेत."

जगतापांनी मुलीकडे पाहिलं. "काय गं, केला होता ना तू?"

"हो पप्पा. मॅडमने तर देख लिया था, मग मी..."

"मी काय पाहिलं?" मी तिला तिथेच तोडलं. "खोटं बोलायचं नाही हं, बाळ. पेपर अवघड गेला तर तसं सांगावं. त्यात काही लाज नाही."

 मुलगी खालच्या फरशीकडे बघायला लागली. दाते सर समजावणीच्या सुरात म्हणाले, "अहो जगताप, पहिलीत टाकून द्या. पाया पक्का होऊन जाईल. दोघी बहिणी सोबत येतील-जातील."

"छोटीसोबत? एकाच वर्गात?" जगतापांचा चेहरा उतरला. "नाही सर. मग ही आहे तिथेच राहू द्या. छोटीचं तर होऊनच गेलं आहे." त्यांनी मुलीचा दंड धरला आणि ते निघून गेले.

खरं सांगते, मला त्या वेळी काही वाटलं नाही. मुलं खोटं बोलतात आणि पालक त्यावर विश्वास ठेवतात, हे मी अकरा वर्षं बघितलं होतं. शिवाय त्या दिवशी मला इतर वर्गांची आणखी सतरा मुलं तपासायची होती.

लिस्टमध्ये आलेल्या मुलांची चार दिवसांनी ओरल असायची. ओरल म्हणजे समोर बसवून तोंडी चार प्रश्न. ही खरं तर औपचारिकता. पास-नापास काही नाही, फक्त मूल कुठे कच्चं आहे ते वर्गशिक्षिकेला कळावं एवढ्यासाठी. तिसरीची वर्गशिक्षिका मीच होते.

बंटी येऊन बसला. गोरापान, गुबगुबीत, हसरा. मी म्हटलं, "सत्रह में से नौ गए, कितने बचे?"

तो पंख्याकडे बघायला लागला.

"अच्छा, आठ और पाँच?"

पंखाच. मी बोटं मोजायला सांगितली. त्याने बोटं उघडली, मिटली आणि माझ्याकडे बघून हसला. मला वाटलं, घाबरला असेल. मी फाइलमधून त्याचा पेपर काढला. कधी कधी मुलाला त्याचंच नीट मांडलेलं गणित दाखवलं की त्याला धीर येतो.

"हे बघ. चारशे दोनमधून एकशे अठ्ठ्याहत्तर. किती छान मांडलंस. ये कैसे किया, बताओ?"

"मैंने नहीं किया, मैडम."

"मग कुणी केलं?"

"उसमें पहले से था. हल्का-हल्का. मैंने तो बस ऊपर से पेंसिल घुमाई." आणि मग शाबासकीची वाट बघत म्हणाला, "देखो, लाइन के बाहर एक भी नहीं गई!"

मी चष्मा काढला. म्हणजे पर्समधून काढून डोळ्यांवर लावला. तो मला त्याच वर्षी लागला होता आणि लावायचा मला कंटाळा होता, कारण त्यात मी म्हातारी दिसते असं मला वाटायचं. पेपर घेऊन मी खिडकीशी गेले आणि उजेडात तिरका धरला. प्रत्येक आकड्याखाली दुसरा आकडा होता. कुणीतरी दाबून लिहिलं होतं, मग खोडलं होतं, पण कागदावर वळ राहिले होते आणि शिशाची फिकट राखाडी छटाही. बंटीची काळी रेघ त्या वळावरून अगदी नीट गेली होती. चारशे दोनच्या त्या वजाबाकीत उत्तर दोनशे चौतीस होतं. खरं उत्तर दोनशे चोवीस. उसना घेताना कुणाची तरी एक चूक झाली होती आणि बंटीने ती चूकही इमानदारीने गिरवली होती.

बंटीवर रागावण्यात अर्थ नव्हता. तो ज्या छोट्या शाळेतून आला होता, तिथे मुलांना ठिपक्यांची पुस्तकं देत. फिकट अक्षर दिसलं की त्यावरून पेन्सिल फिरवायची, रेघ बाहेर जाऊ द्यायची नाही, नीट आलं की 'गुड'. तीन वर्षं तो हेच शिकला होता आणि आमच्याकडेही त्याने तेच केलं होतं. परीक्षा घेणारी मी होते. मॅथ्सच्या नावाखाली मी त्याच्या बोटांचं वळण तपासलं आणि त्याला एकवीस मार्क दिले.

आता मूळ लिहिणारं मूल कोण, हे शोधायला डोकं लावावं लागलं नाही. त्या सकाळी कोरा परत आलेला पेपर एकच होता. मी रजिस्टर उघडलं. दोन शून्यं आणि 'ब्लँक'. माझंच अक्षर.  "मॅडमने तर देख लिया था," असं ती म्हणाली होती आणि मी तिला पुढे बोलूच दिलं नव्हतं.

मी तशीच दाते सरांकडे गेले. त्यांनी पेपर खिडकीशी धरून पाहिला, माझा चष्मा मागून घेऊन पुन्हा पाहिला.

"हे तर आहे काही," ते म्हणाले. "पण सप्रे मॅडम, यावर नाव कुठे आहे? कशावरून तीच मुलगी?"

"दुसरा कोरा पेपर नव्हताच सर."

"आणि तिने लिहून मग खोडलं कशाला? कोणतं मूल असं करतं?"

मी पेपर त्यांच्या हातातून परत घेतला.

"लिस्ट लागून गेली आहे," सर म्हणाले. "सेठजी युनिफॉर्मचं माप देऊन गेले. शनिवारी अॅडमिशन बंद. तुम्ही उगीच परेशान होऊन राहिल्या आहात."

मी म्हटलं, "मी विचारून येते."

"कुणाला?"

"मुलीला. तेवढंच एक राहिलं आहे."

पत्ता फॉर्मवर होता. मिलच्या जुन्या क्वार्टरमध्ये. संध्याकाळी पाचला मी लूना घेऊन गेले. जगताप दाराशी टेम्पो धूत होते. मला बघून त्यांनी नळी खाली ठेवली, पण या-बसा म्हणाले नाहीत. मी म्हटलं, "मला कल्पनाशी दोन मिनिटं बोलायचं आहे." ते आत वळून "कल्पना!" असं ओरडले आणि तिथेच उभे राहिले.

मुलगी बाहेर आली आणि मला बघून वडिलांच्या मागे सरकली. मी ओट्यावर बसले, म्हणजे माझं तोंड तिच्या तोंडासमोर आलं.

"कल्पना, तू पेपर लिहिला होतास?"

तिने वडिलांकडे पाहिलं. मग मान हलवली.

"सगळा?"

"इंग्लिशचं थोडं सुटलं होतं."

"मग तो कोरा कसा झाला?"

"मिटवला ना," ती म्हणाली.

"का मिटवलास?"

आता तिला माझी दया आली असावी. शिक्षिका असून हिला एवढं माहीत नाही, अशा आवाजात तिने सांगितलं, "तुम्ही ठोकलं ना बाकावर. आमच्या बहनजी येतात, कॉपी बघतात आणि बाकावर ठोकतात. म्हणजे जाँच होऊन गेली. मग मिटवून द्यायचं. कॉपी सालभर चालवायची असते." कॉपी म्हणजे वही, बहनजी म्हणजे तिच्या सरकारी शाळेतल्या बाई.

"आणि नाव? नाव का नाही लिहिलंस?"

"नाव तर कव्हरवर असतं."

मला माझी सवय माहीत होती. परीक्षेत मुलांमधून फिरताना मी हातातली पेन्सिल प्रत्येक बाकावर टकटक वाजवत जाते. वेळ होत आली, आटपा, एवढाच त्याचा अर्थ. बाकीची मुलं भराभर लिहायला लागतात. ही मुलगी मात्र तेव्हा पेपर लिहून बसली होती. मी तिच्यापाशी थांबले, कागदाकडे एक नजर टाकली, बाकावर टकटक केलं आणि पुढे गेले. तिच्या दृष्टीने पेपर तपासून झाला. तिने खोडरबर काढलं आणि तिला शिकवलं होतं त्याप्रमाणे कागद दुसऱ्यांदा वापरण्यासारखा स्वच्छ करून ठेवला. मीही तो दुसऱ्यांदा वापरला.

मला इतकी लाज आयुष्यात फार कमी वेळा वाटली आहे. मी जगतापांना म्हटलं, "चूक माझी झाली. तिने पेपर लिहिला होता. उद्या सकाळी तिला घेऊन या. प्रिन्सिपलसमोर पुन्हा टेस्ट घेऊ."

 ते मुलीकडे बघत राहिले. नळीतलं पाणी टेम्पोखालून वाहून माझ्या चपलेपर्यंत आलं, तरी त्यांनी नळ बंद केला नाही. शेवटी म्हणाले, "आणतो."

दुसऱ्या दिवशी टेस्ट दाते सरांनी स्वतः घेतली. त्यांच्यातला हेडमास्तर अजून जिवंत होता. फाटक्या स्टेन्सिलचा पेपर त्यांनी बाजूला सारला, कोरा कागद पुढे ठेवला आणि एकेक गणित तोंडी घातलं. बेरीज, हातच्याची बेरीज, शून्यातून उसना घ्यायची वजाबाकी. आठचा पाढा त्यांनी मधूनच विचारला, "आठ सात?" सरकारी शाळेतली मुलं पाढा सुरात म्हणतात. मधला आकडा विचारला की त्यांना सुरुवातीपासून यावं लागतं. कल्पनाचे ओठ हलले, ती आठ एकेपासून निघाली आणि सातपाशी येऊन थांबली. "छप्पन." सरांनी तेवढा वेळ तिला दिला. मी असते तर दिला असता का, सांगता येत नाही.

मग इंग्लिश. इथे ती अडकली. 'अम्ब्रेला'चं चित्र ओळखलं, लिहिता येईना. वाक्यं दोनच झाली. पण अक्षरं सगळी येत होती आणि छोटे शब्द ती एकेक अक्षर जुळवून वाचत होती. शेजारच्या ताईच्या पुस्तकातून शिकले, म्हणाली.

सगळं झाल्यावर सर सवयीने म्हणाले, "ठीक आहे," आणि टेबलावर बोट वाजवलं. तिचा हात कंपासपेटीकडे गेला. सरांनी झडप घालून कागद ओढून घेतला. "नको, नको! हा राहू दे!" मुलगी दचकली. मी इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले.

मॅथ्स बावीस, इंग्लिश अकरा.

"आता?" मी विचारलं.

"आता लिस्ट बदलावी लागणार," दाते सर म्हणाले. त्यांनी रुमालाने मान पुसली. "मॅनेजमेंट विचारेल, का बदलली. तुम्ही एक नोट लिहून द्या. 'तांत्रिक कारणाने' असं लिहून टाका."

"तंत्र कुठलं सर? पेन्सिल वाजवणारी मी, कागद परत वापरणारी मी."

"ते ठीक आहे हो. पण तुमचं कन्फर्मेशन जुलैत आहे. ही नोट तुमच्या फाइलला लागेल. मी तुमच्याच भल्याचं सांगून राहिलो आहे."

मी शूर बाई नाही. घरी सासूबाई होत्या, मुलगा कॉलेजला जाणार होता, ह्यांची बँकेतून दुसऱ्या गावी बदली व्हायची होती. चहा येऊन संपेपर्यंत मी विचार केला. 'तांत्रिक कारण' लिहिलं असतं तर कुणीही काही विचारलं नसतं. पण मी त्या मुलीला तिच्या बापासमोर खोटारडी म्हटलं होतं. ते कुठेतरी माझ्या सहीने दुरुस्त व्हायला हवं होतं. मी लिहिलं: 'कल्पना जगताप हिने पेपर पूर्ण लिहिला होता. परीक्षकाने तिला न विचारता शून्य दिले व तोच पेपर दुसऱ्या विद्यार्थ्यास दिला. मुलगी खरे सांगत होती. चूक परीक्षकाची आहे.' खाली सही केली. सरांनी वाचलं, चौथं वाक्य दोनदा वाचलं आणि पिन लावून नोट कल्पनाच्या फॉर्मला जोडली.

बंटीच्या वडिलांना मी स्वतः सांगितलं. ते चिडतील म्हणून मी तयारीने गेले होते. पण ते शांतपणे म्हणाले, "मैडम, बच्चे ने क्या गलत किया? सामने जो था, वो लिख दिया."

"काहीच चूक नाही त्याची," मी म्हटलं. "पण त्याला अजून मोजता येत नाही. दुसरीत बसवा. मी सहा महिन्यांत तयार करून देते."

त्यांनी मान हलवली आणि संध्याकाळपर्यंत त्याला दुसऱ्या एका नव्या शाळेत घातलं. तिथे टेस्ट नव्हती. तिसरी मिळाली.

माझं कन्फर्मेशन त्या जुलैत झालं नाही. एक वर्षाने झालं. कारण कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. कल्पना माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. ती पुढे फार चमकली वगैरे असं काही नाही. मॅथ्समध्ये बरी होती, इंग्लिशमध्ये रखडायची, वर्गात आठवी-नववी यायची. पण ती तिच्या वयाच्या मुलांमध्ये होती.

टेस्टनंतरच्या शनिवारी, अॅडमिशनच्या शेवटच्या दिवशी, जगताप फॉर्मवर सही करायला आले होते. एकटेच. मी फॉर्म पुढे केला. त्यांना पिन लावलेला कागद दिसला. "हे काय आहे?" म्हणाले. मी सांगितलं, वाचा. त्यांनी एकेका ओळीखाली बोट धरून हळूहळू वाचलं. शेवटच्या दोन वाक्यांवर बोट थांबलं. 

मग म्हणाले, "मॅडम, तुम्ही तर आपली गलती लिहून दिली."

"हो. माझीच होती."

"त्या दिवशी इथून घरी गेल्यावर मी तिला मारलं. झूठ बोलली म्हणून. ती सांगत होती, मिटवला, मिटवला. मी ऐकलंच नाही. फार मारलं, मॅडम." त्यांनी पेन उचललं, पुन्हा खाली ठेवलं. "मी कुठे लिहून देऊ?"

  मी फॉर्म त्यांच्याकडे वळवला आणि सही कुठे करायची ते दाखवलं.

त्यानंतर मी पुष्कळ वर्षं एंट्रन्स घेतली. कोरा पेपर आला की मुलाला समोर बसवायचे आणि विचारायचे, काय काय केलंस ते सांग. दहातल्या नऊ वेळा खरंच काही केलेलं नसायचं. तरी विचारायचे, आणि त्याचं बोलणं पूर्ण होईपर्यंत मध्ये तोंड घालायचे नाही. यात पाच मिनिटं जादा जातात. नव्या शिक्षिका कंटाळायच्या, म्हणायच्या, मॅडम, शून्य तर शून्यच असतं. मी त्यांना एवढंच सांगायचे, रजिस्टरमधलं शून्य संध्याकाळी मुलाबरोबर घरी जातं.